थंडी कुणाला बाधते? सुगीचं झाड, हिवाळा आणि कारणाचा शोध

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मागच्या वेळी आपण 'प्रमाण' म्हणजे काय ते पाहिलं. आज ठरल्याप्रमाणे 'कारण' म्हणजे काय ते पाहायचं आहे. पण नुसत्या व्याख्या सांगत बसलो तर अर्धी मंडळी डुलक्या घेऊ लागतील, एवढं चाळीसेक वर्षं वर्गात उभं राहून आम्हाला कळलेलं आहे. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ. उदाहरण नाकाचं आहे. नाकाचं म्हणून हसू नका. ज्याचं नाक दोन महिने गळतं, त्याला तत्त्वज्ञान सुचत नाही.

गोष्ट अशी. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी आम्ही उभयता लेकीकडे टोकियोला गेलो. फेब्रुवारीचा शेवट होता. आपल्याकडे तेव्हा उन्हं तापायला लागतात, तिकडे चांगलीच थंडी. आगगाडीत पाहावं तर निम्म्या लोकांच्या तोंडाला पांढरे मास्क. करोनाच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे, त्यामुळे आम्हाला वाटलं, शहरात काही साथ आलेली दिसते. जावई म्हणाले, "नाही बाबा, साथ नाही. सुगी आहे."

आता 'सुगी' म्हटल्यावर आमच्यासारख्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय येणार? खळं, मळणी, ज्वारीची रास. आम्ही म्हटलं, या थंडीत कसली सुगी? तेव्हा कळलं की जपानी भाषेत सुगी हे एका झाडाचं नाव आहे. उंच, सरळसोट, सूचिपर्णी झाड. आपल्यापैकी कुणी दार्जिलिंगला गेलं असेल तर त्यांनी ते पाहिलेलं आहे. इंग्रजांच्या काळात ते तिथे लावलं गेलं आणि तिथली माणसं त्याला 'धुपी' म्हणतात. इंग्रजीत त्याला जपानी सीडर म्हणतात, पण ते आपला देवदार नव्हे.

दोन-तीन दिवस पावसाची भुरभुर होती. मग एका सकाळी आभाळ स्वच्छ झालं, लख्ख ऊन पडलं, कोरडा वारा सुटला. आमच्या आईची शिस्त आमच्या अंगात मुरलेली. पाऊस सरून ऊन पडलं की गाद्या-रजया उन्हात टाकायच्या. घरात कुणी नव्हतं. आम्ही उत्साहानं नातीची गादी आणि रजई गॅलरीच्या कठड्यावर दिवसभर वाळत घातली, संध्याकाळी झटकून आत घेतली आणि स्वतःवर खूश झालो.

त्या रात्री सहा वर्षांची ती पोर झोपली नाही. डोळे सुजले, नाक बंद झालं, पहाटे छातीत घुरघुर सुरू झाली. लेकीनं रजई उचलून झटकली आणि दिव्याच्या उजेडात पिवळसर धूळ उडालेली आम्ही पाहिली. कुणी आम्हाला एक शब्द बोललं नाही. पण ज्या उन्हाला आम्ही जन्मभर निर्मळ समजत आलो, त्यानंच हे कसं केलं, हा प्रश्न आमच्या मानेवर बसला तो बसलाच. आजचं व्याख्यान त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

कुंभाराचं गाढव

आधी आपल्या परंपरेकडून एक अवजार घेऊ. नैयायिकांनी कारणाचा विचार फार बारकाईनं केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जे कार्याच्या आधी नियमानं असतं आणि ज्याला वगळून कार्याचा उलगडा होत नाही, ते कारण. घडा व्हायचा तर माती हवी, कुंभार हवा, चाक हवं, दांडा हवा. पण माती ज्या गाढवाच्या पाठीवरून आली ते गाढव? ते घड्याच्या आधी हजर होतं खरं. पण माती डोक्यावरून आणली असती तरी घडा झालाच असता. म्हणून गाढव कारण नव्हे. याला ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात. आधी होतं, जवळ होतं, डोळ्यांत भरत होतं, पण त्यानं काही केलं नाही.

आता आपली भाषा पाहा. नाक वाहू लागलं की आपण म्हणतो, 'सर्दी झाली'. हा शब्द फारसीतून आला आणि तिथे त्याचा मूळ अर्थ थंडी. 'थंडी बाधली' असंही म्हणतो. इंग्रजही त्याला 'कोल्ड'च म्हणतो. म्हणजे आजाराला नाव देतानाच आपण आरोपी ठरवून टाकला.

उलट बाजूनं हीच चूक एका थोर डॉक्टरनं केली. जॉन बोस्टॉक या इंग्रज डॉक्टरला दर उन्हाळ्यात डोळ्यांना खाज, शिंका, छातीवर दडपण असा त्रास होई. १८१९ मध्ये त्यांनी लंडनच्या वैद्यकीय मंडळींपुढे स्वतःचीच केस मांडली. परागांच्या ॲलर्जीचं आधुनिक वैद्यकातलं हे पहिलं नीटस वर्णन मानतात. त्यांचा संशय कशावर होता? उन्हाळ्याच्या उष्म्यावर. त्यांचं गाढव उष्मा, आपलं गाढव थंडी.

गाढव बाजूला काढलं ते मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. त्यांनाही हाच विकार होता. त्यांनी आपल्याकडच्या अन्वय-व्यतिरेकाचीच वाट धरली, नाव मात्र माहीत नव्हतं. एक एक संशयित घ्यायचा आणि बाकी सगळं तसंच ठेवून पाहायचं की त्रास होतो की नाही. उष्मा घेतला, प्रकाश घेतला, धूळ घेतली, वास घेतले. मग गवताचे पराग स्वतःच्या नाकाला लावले, त्वचा खरवडून तिच्यावर लावले. त्रास झाला. चिकट लेप दिलेल्या काचपट्ट्या त्यांनी पतंगाला बांधून आकाशात चढवल्या आणि उंचावरच्या हवेतही पराग असतात हे दाखवलं. १८७३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. तेव्हापासून मुख्य आरोपी ठरलेला आहे: वाऱ्यावर उडणारे पराग.

मग थंडी निर्दोष सुटली का? आजच्या व्याख्यानाचा गाभा इथेच आहे. सुगीच्या बाबतीत थंडी निर्दोष नाही. तिचा गुन्हा मात्र आपण लावतो तो नव्हे. ती नाकाला बाधत नाही, ती झाडाला 'लागते'. ते कसं, हे आता पाहू.

झाडाचं वर्ष

फुलांचे दोन पंथ आहेत. काही फुलं किडा-मुंगीच्या भरवशावर असतात. त्यांना रंग, वास, मध लागतो. त्यांचे पराग जड आणि चिकट असतात. दुसरी फुलं वाऱ्याच्या भरवशावर. वारा आंधळा, त्याला रंग-वास कशाला? तिथे एकच युक्ती: हलके, कोरडे पराग अफाट संख्येनं सोडायचे, लाखांत एखादा पोचला तरी पुष्कळ. सुगी या दुसऱ्या पंथातली. फांदीच्या टोकाला तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी नर फुलं झुबक्यानं येतात आणि अशा एकेका इवल्या फुलात काही लाख परागकण असतात. एक कण साधारण ३० मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये तेहतीसेक कण रांगेनं बसतील.

ही फुलं उमलतात हिवाळ्याच्या शेवटी, पण त्यांची गोष्ट सुरू होते आदल्या उन्हाळ्यात. जुलैच्या सुमारास फांदीच्या टोकाशी नर फुलं धरू लागतात. तो उन्हाळा कडक, लख्ख आणि कमी पावसाचा गेला तर फुलं भरपूर धरतात, ढगाळ-थंड गेला तर कमी. म्हणजे येत्या वसंतात एकूण पराग किती, हा आकडा बराचसा मागच्या उन्हाळ्यातच ठरून गेलेला असतो. हिवाळ्याच्या हातात तो नाही.

हिवाळ्याच्या हातात काय आहे? वेळ.

शरदाच्या शेवटापर्यंत फुलात पराग तयार होतात आणि मग झाड झोपी जातं. ही झोप नुसती आळसाची नव्हे. नोव्हेंबरात चार दिवस ऊबदार आले तरी झाड उठत नाही, आणि ते शहाणपणाचं आहे. त्या फसव्या उबेला भुलून फूल उमललं, तर पुढच्या कडाक्यात सगळं वाया. ही झोप मोडायला एकच गोष्ट लागते: थंडी. काही आठवडे पुरेशी गार हवा अंगावरून गेली की आतलं कुलूप निघतं. जणू झाड मोजत असतं, 'थंडी पडून गेली, म्हणजे आता यापुढे येईल ती ऊब खरी.' हे 'मोजणं' आम्ही अलंकारानं बोलतो आहोत. झाडाला मन आहे असं आमचं म्हणणं नाही. पण पेशींमधले रासायनिक बदल थंडीच्या तासांनुसार साचत जातात, एवढं खरं.

कुलूप निघालं तरी दार उघडत नाही. आता ऊब हवी. म्हणजे थंडी आणि ऊब, एकमेकांच्या विरुद्ध दोन गोष्टी, दोन्ही कारणं, आणि त्यांचा क्रम पक्का. थंडीनं जागं करायचं, उबेनं उमलवायचं.

ही ऊब मोजायची जपानमध्ये एक सोपी रीत आहे. १ जानेवारीपासून रोजचं कमाल तापमान मांडत जायचं आणि बेरीज करत जायची. बेरीज ठरावीक आकड्यापाशी आली की पराग उडू लागतात. हा आकडा ठिकाणागणिक वेगळा असतो, साधारण ३०० ते ४०० अंशांच्या घरात. आपण समजुतीसाठी ४०० धरू. टोकियोत जानेवारीचं कमाल तापमान सरासरी १० अंशांच्या आसपास असतं. ३१ दिवसांचे झाले ३१०. उरले ९०. फेब्रुवारीतही रोज १० धरले तर ९ फेब्रुवारीला ४०० भरतात. आता जानेवारी-फेब्रुवारी जरा ऊबदार, रोज १२ अंश. मग जानेवारीचेच ३७२ होतात आणि ३ फेब्रुवारीला हिशेब पुरा. आणि कडक थंडी, रोज ८ अंश? जानेवारीचे २४८, उरलेल्या १५२ ना आणखी १९ दिवस. म्हणजे १९ फेब्रुवारी. दोन-दोन अंशांचा फरक, पण पोरांच्या शाळेचे दोन आठवडे इकडचे तिकडे झाले.

यावरून चटकन निष्कर्ष निघतो: हिवाळा ऊबदार, तर पराग लवकर. वर्तमानपत्रं असंच छापतात. तो अर्धाच खरा आहे. ऊब जानेवारी-फेब्रुवारीत आली तर लवकर, हे ठीक. पण डिसेंबरच ऊबदार गेला तर? कुलूपच निघायला उशीर. मग पुढची ऊब काही काळ वाया जाते. सगळ्यांत लवकर मोसम कधी येतो? हिवाळ्याची सुरुवात कडक आणि शेवट ऊबदार असला की. तेव्हा 'यंदा हिवाळा सौम्य होता' एवढ्या वाक्यावरून काहीच सांगता येत नाही. कोणता महिना सौम्य होता, ते विचारायला हवं.

सगळ्या झाडांची घड्याळं एकसारखी नसतात, हेही ध्यानात ठेवा. मध्य युरोपात हेझल नावाचं झुडूप थोड्या थंडीवर भागवतं. हिवाळा सौम्य असला तर ते डिसेंबरच्या अखेरीसच पराग सोडू लागतं. तिथलंच भूर्ज मात्र मार्च-एप्रिलपर्यंत थांबतं. आणि अमेरिकेत टेक्ससच्या मधल्या टेकड्यांवर एक जुनिपर आहे, तिचा मोसमच ऐन डिसेंबर-जानेवारीचा. उत्तरेकडून थंड कोरडा वारा आला की तिच्यातून धुरासारखे पराग निघतात. ऑस्टिनला मुलाकडे नाताळात गेलेल्या आपल्या काही मित्रांनी 'तिकडच्या थंडीनं ताप आला' अशी तक्रार केली आहे. त्यांना आम्ही आता झाडाचं नाव सांगतो.

तो लख्ख दिवस

आता गादीकडे येऊ. मोसम सुरू झाल्यावरही सगळे दिवस सारखे नसतात. इथे नव्य-नैयायिकांची आणखी एक कल्पना फार कामाला येते: प्रतिबंधकाचा अभाव. लाकूड आहे, विस्तव आहे, पण लाकूड ओलं आहे, तर जळत नाही. म्हणून 'अडवणारं काही नसणं' हेही कारणांच्या यादीत धरलं पाहिजे.

परागांना अडवतो पाऊस, बर्फ, ओलावा. हवा दमट असली की फुलाची पिशवी नीट उघडत नाही, आणि उडालेले कण पावसाबरोबर खाली बसतात. दोन-तीन दिवस पाऊस पडला की पिकून तयार झालेली फुलं नुसती वाट बघत राहतात. मग आभाळ निवळतं, ऊन पडतं, हवा कोरडी होते, वारा सुटतो. तीन दिवसांचा साठा एका दिवसात बाहेर पडतो. शिवाय आधीचे जे रस्त्यावर बसले होते, ते वाळून पुन्हा उडतात. रानातली माती पराग धरून ठेवते, शहरातला डांबरी रस्ता धरत नाही.

म्हणजे पावसानंतरचा पहिला लख्ख, कोरडा, वाऱ्याचा दिवस हा सगळ्यांत वाईट. आम्ही नेमका तोच निवडला होता. आमच्या आईचा नियम चुकीचा नव्हता. तो ज्या हवेत आणि ज्या झाडांमध्ये जन्मला, तिथे तो बरोबर होता. आम्ही नियम नेला आणि त्याची परिस्थिती घरीच ठेवली.

दिवसाचीही एक चाल असते. सुगीची रानं टोकियोच्या पश्चिमेच्या डोंगरांत, शहरापासून काही दशक किलोमीटरांवर. सकाळी ऊन तापलं की तिथे पराग सुटतात आणि वाऱ्यानं शहरात येईतो दुपार होते. सूर्य मावळला की हवा शांत होते आणि वर गेलेले कण खाली उतरतात, म्हणून संध्याकाळी आकडा पुन्हा चढतो. गाद्या आत घ्यायची आमची वेळ हीच होती.

आणि हे मोजतात कसं? एक जुनी पद्धत म्हणजे चिकट काचपट्टी उघड्यावर ठेवायची आणि चौरस सेंटिमीटरवर किती कण बसले ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. जपानात सलग दोन दिवस निदान एकेक कण सापडला की त्यातला पहिला दिवस 'मोसमाची सुरुवात' ठरतो. त्याच्या आधीही थोडे कण हवेत असतातच. फार हळवं नाक सरकारी तारखेच्या आधीच शिंकतं. एका कणानं मोसम सुरू होतो का, हा राशीचा जुना प्रश्न आहे. व्यवहाराला रेघ लागते म्हणून ती ओढलेली आहे. निसर्गात ती नाही.

झाड जुनं, आजार नवा

आता आणखी एक पायरी खाली उतरू. निक्को नावाचं एक क्षेत्र आहे, टोकियोच्या उत्तरेला. तिथे देवस्थानाकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना सुगीची झाडं आहेत, सतराव्या शतकात लावलेली. आजही त्यांतली बारा हजारांवर उभी आहेत. आम्ही त्यांच्याखालून चाललो आहोत. मान मागे टाकली तरी शेंडा दिसत नाही. आणि योगायोग असा की, सुगीच्या परागांच्या ॲलर्जीची पहिली शास्त्रीय नोंद याच निक्को परिसरातल्या रुग्णांवरून १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली.

विचार करा. झाड तीनशे वर्षं उभं आहे आणि आजाराची नोंद १९६४ ची. झाड हेच पुरेसं कारण असतं तर नोंद इतकी उशिरा का? आणि आज? २०१९ च्या देशव्यापी पाहणीत जपानमधल्या ३८.८ टक्के लोकांना सुगीच्या परागांचा त्रास असल्याचं दिसलं. शंभरात जवळजवळ चाळीस.

मधल्या काळात काय घडलं? युद्धाच्या काळात आणि युद्धानंतर जपाननं डोंगर बोडके केले. लाकूड जळणाला लागलं, घरांना लागलं. मग पुरांनी, दरडींनी झोडपलं. तेव्हा सरकारनं आणि गावकऱ्यांनी मोठ्या जिद्दीनं डोंगर पुन्हा हिरवे केले. झाड कोणतं लावायचं? भरभर वाढणारं, सरळ, घरबांधणीला उपयोगी: सुगी आणि तिची चुलत बहीण हिनोकी. आज सुगीची लागवडच सुमारे ४५ लाख हेक्टर आहे. झाडं तिशीला आली की भरपूर फुलू लागतात. आणि त्याच सुमारास दुसरी गोष्ट घडलेली होती. १९६४ मध्ये लाकडाची आयात पूर्ण खुली झाली, परदेशी लाकूड स्वस्तात येऊ लागलं, देशी रानं तोडणं परवडेना. ती उभीच राहिली आणि दर वसंतात फुलत राहिली. १९६४ हे एकच साल दोन्हीकडे यावं, हा मात्र निव्वळ योगायोग. त्यातून काही सिद्ध होत नाही. आपल्या गाढवाला विसरू नका.

तेव्हा आमच्या नातीच्या त्या रात्रीचं कारण काय? पराग. ते सुटले कशानं? पावसानंतरच्या उन्हानं. तयार होते कशानं? डिसेंबरच्या थंडीनं आणि जानेवारीच्या उबेनं. इतके होते कशानं? आदल्या कडक उन्हाळ्यानं. रान होतं कशानं? पूर थोपवू पाहणाऱ्या माणसांनी. तोडलं का नाही? बाजारानं. रजईवर आले कसे? आजोबांनी. आणि बाजूच्या घरातली पोर त्याच हवेत शांत झोपली होती, म्हणजे नातीच्या शरीरातही काही होतंच. हिची प्रतिकारव्यवस्था त्या निरुपद्रवी कणाला शत्रू समजते आणि ओळखीचे प्रतिपिंड आधीच बनवून ठेवते.

याला आपल्या परंपरेत 'कारणसामग्री' म्हणतात. कार्य एका कारणानं होत नाही, सगळी सामग्री जुळली की होतं. 'खरं कारण कोणतं?' हा प्रश्न त्यामुळे अर्धवट आहे. 'यातलं आपल्या हाती काय आहे?' असं विचारलं की तो पुरा होतो.

हाती काय आहे

थंडी हाती नाही. निदान लेकीच्या हाती नाही. सगळ्यांच्या मिळून हाती मात्र ती आहे, हे आता दिसू लागलं आहे. उत्तर अमेरिकेतल्या नोंदींचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९० ते २०१८ या काळात तिथला परागांचा मोसम सुमारे २० दिवस अलीकडे आला आणि परागांचं प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी वाढलं. तापत जाणाऱ्या हवेचा त्यात मोठा वाटा आहे.

रानं बदलणं हाती आहे, पण वेळ लागणार. जपान सरकारनं २०२३ मध्ये ठरवलं की परागांचा उगम असलेली सुगीची लागवड दहा वर्षांत २० टक्क्यांनी कमी करायची आणि तीस वर्षांत परागांचं प्रमाण निम्म्यावर आणायचं. तोडलेल्या जागी कमी पराग देणारी रोपं. म्हणजे आज लावलेल्या रोपाचं फळ आमच्या पणतवंडांना.

घरात जे हाती आहे ते साधं आहे. त्या दिवसांत कपडे, गाद्या आत वाळवायच्या. बाहेरून आल्यावर कोट दाराशी झटकायचा, तोंड-डोळे धुवायचे. मास्क लावायचा. औषधं डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्रास भडकण्याआधी सुरू करायची. आणि मुळाशी जाणारा एक उपाय: जिभेखाली परागांचा अगदी थोडा अर्क रोज ठेवून शरीराला त्याची सवय लावायची. जपानात २०१४ पासून तो विम्यात मिळू लागला. तो मोसमात सुरू करत नाहीत, पराग नसताना सुरू करतात आणि तीन ते पाच वर्षं चिकाटीनं घेतात. आमच्या नातीनं बारा पुरी झाल्यावर तो सुरू केला. त्रास पूर्ण गेला नाही, पण मार्चमध्ये आता ती झोपते.

न केलेल्याचं फळ

शेवटचं एक. कर्मसिद्धान्ताच्या चर्चेत आपल्याकडे एक दोष सांगितलेला आहे, 'अकृताभ्यागम'. न केलेल्या कर्माचं फळ भोगावं लागणं. शास्त्रकार म्हणतात, असं होत असेल तर जगाची न्यायव्यवस्थाच कोसळेल. आम्ही हा शब्द वर्गात किती वेळा फळ्यावर लिहिला असेल. त्याचा अर्थ आम्हाला त्या पहाटे कळला, मांडीवर ती घुरघुरणारी छाती असताना. ज्यांनी रोपं लावली ते वाईट नव्हते. ते पूर थांबवत होते आणि पूर थांबले. ज्यांनी स्वस्त लाकूड घेतलं ते घरं बांधत होते. आम्ही गादी वाळवत होतो. प्रत्येकाचा हेतू चांगला, आणि फळ अशा जिवाच्या पदरात की ज्यानं काहीच केलं नव्हतं.

यावर आमच्याकडे सिद्धान्त नाही. एवढंच म्हणू शकतो की, हेतू चांगला होता म्हणून कारणांच्या यादीतून आपलं नाव खोडता येत नाही. आणि यादीत आपलं नाव सापडलं, तर ती वाईट बातमी असते असंही नाही. यादीतली थंडी आपलं ऐकत नाही, वारा ऐकत नाही. आपण मात्र ऐकू शकतो.

दुसऱ्या दिवशी पोर आम्हाला म्हणाली, "आबा, उद्या ऊन पडलं तर विचारून घाला हं." आम्ही अजून विचारतो.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न: साधी सर्दी आणि ही ॲलर्जी ओळखायची कशी?*

आम्ही वैद्य नव्हे, निदान डॉक्टरांनीच करावं. ढोबळ खुणा सांगतो. ॲलर्जीत डोळ्यांना, नाकाला, टाळ्याला खाज असते, पाण्यासारखं पातळ नाक गळतं, शिंका लागोपाठ येतात, ताप सहसा नसतो, आणि ते आठवडेच्या आठवडे चालतं. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आवरते. दर वर्षी त्याच महिन्यात होत असेल तर तारखा लिहून ठेवा. डॉक्टरांना त्या वहीचा फार उपयोग होतो. छातीत घुरघुर असेल तर वही नंतर, दवाखाना आधी.

*प्रश्न: पुण्यात हिवाळ्याच्या सुरुवातीला सप्तपर्णीच्या वासानं त्रास होतो. तेही हेच का?*

चांगला प्रश्न आहे, आणि इथे गाढव अगदी दारात उभं आहे. सप्तपर्णी किड्यांच्या पंथातली. वास म्हणूनच इतका. उग्र वासानं एखाद्याचं नाक-डोकं नक्की धरतं, पण ती चुरचुर आणि परागांची ॲलर्जी यांचा मार्ग वेगळा. उलट आपला वावळ पाहा. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास पानं झडलेल्या फांद्यांवर त्याला बारीक, हिरवट-तपकिरी फुलं येतात. वास नाही, रंग नाही, कुणी मान वर करून बघत नाही. त्याचे पराग वाऱ्यावर जातात, आणि उत्तर भारतात ते ॲलर्जीचे म्हणून चांगलेच ओळखीचे आहेत. त्याच दिवसांत पुण्यात पहाटे गार हवा तळाशी कोंडलेली असते, त्यामुळे धूर आणि धूळही खालीच राहते. तेव्हा त्रास खरा, पण डोळ्यांत भरणाऱ्या झाडावर लगेच कुऱ्हाड नको. आधी व्यतिरेक करून पाहा: फुलं गेल्यावर त्रास गेला का? आणि फुलं नसलेल्या भागात तो नव्हता का?

*प्रश्न: मग यंदा तिकडे थंडी कमी पडली, तर पराग कमी येणार की जास्त?*

हा प्रश्न आपण कुठे चुकतो ते दाखवतो. 'किती' हे विचाराल, तर मागच्या जुलैकडे बघा. 'कधी' हे विचाराल, तर डिसेंबर आणि जानेवारी वेगवेगळे बघा. आणि 'उद्या गादी वाळत घालू का?' असं विचाराल, तर काल पाऊस पडला होता का ते बघा. एका थंडीला तिन्ही प्रश्न विचारू नयेत.

पुढच्या वेळी 'अभाव' हा विषय घेऊ. एखादी गोष्ट नसणं हे आपल्याला दिसतं का, असा प्रश्न आहे. घरून विचार करून या.